औषध लागू पडलं

जुळ्यांत थोरला-धाकटा कसला, पण आधी आला तो थोरला, हे घरात पक्कं होतं. शाळेतल्या मारामाऱ्यांत थोरल्यानं धाकट्याच्या केसालाही धक्का लागू दिला नाही. पुढे ते काम एका गोळीनं केलं.

तिशीतच दोघांचे केस विरळ व्हायला लागले. थोरला बस चालवायचा. तोंड धुता धुता डोकंही धुऊन होतं, बरंच आहे, म्हणाला. धाकट्याचं चष्म्याचं दुकान, चारी भिंतींना आरसे. त्याला एवढी बेफिकिरी परवडणारी नव्हती. त्यानं रोज एक गोळी सुरू केली.

पंधराएक वर्षांनी थोरल्याचं तुळतुळीत टक्कल झालं होतं, आणि धाकट्याचं डोकं शाबूत. डॉक्टरीणबाई दोघांचे फोटो शेजारी ठेवून खूश व्हायच्या. औषध लागू पडल्याचा असा पुरावा कुणाला मिळतो, म्हणायच्या. एक मात्र बजावायच्या, "हे केस आणत नाही, राखतं. सोडलंत, की वर्षभरात भावाच्या रांगेत."

मग थोरला झोपेतच गेला. धाकट्यानं सगळं निस्तरलं आणि पुन्हा दुकानात बसून गिऱ्हाइकांच्या कानांवर काड्या बसवू लागला. धीराचा आहे, लोक म्हणाले. धीर कसला डोंबलाचा! आत काही हलतच नव्हतं. गोळी सोडायची असंही त्यानं ठरवलं नाही. पाकीट संपलं, नवीन आणणं झालं नाही, एवढंच. न्हाणीच्या जाळीत केस साचू लागले. एवढ्या वर्षांचं केलेलं पाण्यात चाललंय, बायको म्हणाली. तो हो म्हणाला.

आईला दिसत नव्हतं, आणि आठवणही दगा द्यायची. थोरला गेल्याचं तिला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी कोसळली. मग सांगणं बंद झालं. थोरला लांबच्या फेरीवर गेलाय, असं धाकटा सांगायचा. खोटं बोलताना त्याला काही वाटायचं नाही.

दोघांचा आवाज सारखाच, म्हणून आई आधी डोकं चाचपायची, मग हाक मारायची. हल्ली तिचा हात घुटमळायला लागला होता. एका दुपारी तो तिला भरवायला बसला, तेव्हा हात कपाळावरून थेट माथ्यापर्यंत गेला. कुठे काही अडलं नाही. ती तोंडभर हसली.

"थोरल्या, आलास रे? किती वाट बघायला लावलीस."

"हो आई," तो म्हणाला. त्यानं पुढचा घास पुढे केला.

कित्येक दिवसांनी ती पोटभर जेवली. मग तिनं त्याचं मनगट धरलं. "आणि धाकटा? बरा आहे ना तो? खरं सांग."

बरा आहे म्हणायला त्यानं तोंड उघडलं. भाऊ गेल्यापासून हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. शब्दाऐवजी हुंदका आला, आणि मग काही केल्या थांबेना.

आईची पकड सैल झाली.

"कधी गेला?" तिनं विचारलं.

"वर्ष होईल," तो म्हणाला.