हिरवी बादली

केनवडच्या शाळेत माहा अन् वैजयंती मॅडमचा वर्ग भिंतीले भिंत लागून. एकमेकीच्या डब्यातलं खाणं रोजचंच. मॅडमनं त्यायच्या घरामागं स्विमिंग पूल बांधला, आमी त्याले टाकंच म्हणो, तवा माही स्नेहा तिथं जाऊ लागली. मामाच्या विहिरीत पाठीले डबा बांधून शिकलेली पोरगी, पाण्यात मासोळीवानी. वाशीमले जिल्ह्याच्या पोहण्याच्या संघाची निवड होती, अन् तिले त्या निवडीत यायचंच होतं. दुसरं काही बोलतच नव्हती.

मंग उन्हाळ्यात टाक्याचं पाणी हिरवं झालं. मॅडम बाटलीत पाणी भरून अकोल्याच्या दुकानात गेल्या. दुकानदारानं त्यात कागदाची पट्टी बुडवली, रंग पाह्यला अन् म्हणे, "क्लोरीन टिकूनच नाही राह्यलं. घरच्याशिवाय कोणी उतरते काय?" मॅडम म्हणाल्या, "एक बाहेरची पोरगी येते." झालं! "तिच्याच अंगाचा मळ हाये, तिचं येणं बंद करा," म्हणे, अन् पावडरीचा मोठा डबा गळ्यात मारला. हे मले मॅडमनंच सांगतलं, हसत हसत. "थोडे दिवस स्नेहाले नको पाठवू व. राग नको मानू."

राग नको मानू म्हणते! अंगाची लाहीलाही झाली माह्या. दुकानदाराले डबा खपवाचा होता, त्यानं पोरगी पाह्यलीही नाही. पण तू तं पाह्यली होती ना व बाई? तुह्या घरचे उतरतात, पाहुणे उतरतात, पाहुण्यायचे लेकरं डुबक्या मारतात, अन् मळ एकट्या माह्या पोरीचा? चोर सोडून संन्याशाले फाशी.

स्नेहा जायची थांबली. पाणी हिरवंच. मॅडमनं आणखी एक डबा आणून ओतला, तरी बोअरचं नवं पाणी सोडलं का पुन्हा तेच. आमच्या भीमनगरातही तसंच बोअर हाये. पांढरे कपडे पिवळे पडतात, बादलीले तांबूस थर बसते. पाण्यात लोखंड हाये, हे लहान पोरगंही सांगंन; त्यात पावडर पडली का रंग पालटणारच. निवड जवळ आली तशी मी स्नेहाले घेऊन मॅडमच्या घरी गेली. म्हटलं, "मॅडम, बोअरचं पाणी धरा बादलीत. कोणी बोट लावू नका. आता टाका तुमची पावडर."

टाकली. मॅडमनं चहा ठेवला. चहा पिऊन होयेपर्यंत बादलीतलं पाणी टाक्यातल्यासारखंच हिरवं झालं.

"व माय! म्हणजे बोअरचाच दोष! लुटलं मले त्या मेल्यानं," मॅडम म्हणाल्या. मंग स्नेहाच्या डोक्यावर हात ठेवला. "उद्यापासून ये व बेटा. फक्त घरून आंघोळ करून येत जाय."

त्या टाक्यात उतरायच्या आधी माही पोरगी साबण लावून आंघोळ करून गेली नाही, असा एक दिवस नाही. मीच करायले लावो. कोणाले बोलाले जागा नको म्हणून.

स्नेहानं डोकं हळूच बाजूले घेतलं. "चाल आई," म्हणे.

निवडीच्या दिवशी सकाळीच मी तिची बॅग भरली. गाडीची वेळ झाली तरी पोरगी पायरीवर बसलेली. म्हटलं, "काहून व, निघत नाही काय?"

तं म्हणे, "आई, तिथलं पाणी खराब झालं तं माह्यावरच येईन ना?"