सही सुदेशची

"कंपनीवाले इचारत्यात, ट्रेनिंग झालंया तुजं, मंग बेल्ट का नाय लावला? सगळी चूक माजीच म्हनं. आता गावी धाडत्यात," केरू म्हणाला. परांचीवरून पडून त्याचा पाय मोडला होता. कुबडी काउंटरला टेकवून त्याने कार्ड पुढे केलं. "पर साहेब, मला बेल्ट लावायला कुनी शिकवलंच नाय. मी हितं आज पयल्यांदाच आलोय."

सुदेशने कार्डावरचा नंबर टाकला. स्क्रीनवर उमटलं : परांची सुरक्षा प्रशिक्षण, उत्तीर्ण, चौदा फेब्रुवारी. सही, सुदेश सावंत.

चौदा फेब्रुवारीला सुदेश गावी, देवरुखला होता. वडिलांच्या तेराव्याला.

दुबईतल्या अल कूझमधल्या त्या प्रशिक्षण संस्थेत सुदेश कॉम्प्युटर सांभाळायचा. तीन वर्षांपूर्वी चार संस्थांनी मिळून प्रमाणपत्रांची ब्लॉकचेन सुरू केली. इथला सर्व्हर, म्हणजे नोड, त्याने स्वतः उभा केला. बाकी तीन संस्थांकडच्या जुन्या नोंदी उतरवून घ्यायला आठवडा लागला, तेव्हा तो मागच्या थंडगार खोलीत स्वेटर घालून बसून राहिला होता. एकदा लिहिलेलं चारही ठिकाणी राहतं, कोणालाच खोडता येत नाही, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायचा. ट्रेनरने नाव भरायचं, सुदेशने हजेरी तपासून आपल्या गुप्त डिजिटल चावीने सही करायची, असा नियम होता. गावी जाताना नोड बंद पडू नये म्हणून त्याने चावीसकट सगळं एकाच माणसाच्या हवाली केलं होतं. निनादच्या. बायकोच्या सख्ख्या भावाच्या. त्याला इथे ट्रेनर म्हणून चिकटवलाही सुदेशनेच.

निनाद मागच्या आवारात भेटला.

"दाजी, साइटवरून प्रेशर होतं हो. साठ माणसं एका दिवसात पाहिजे होती. नाही म्हटलं असतं तर माझी नोकरी गेली असती."

"म्हणून माझी सही?"

"माझ्या सहीने सिस्टिम घेतच नाही ना!" निनादने खांदे उडवले. "आणि आता डिलीट पण होत नाही, तुम्हीच सांगता. खलास. यल्ला, चला, चहा घेऊ."

सुदेशने घरी बायकोला, ममताला फोन लावला. घडलेलं सांगितलं.

"मला बोलला होता तो," ममता म्हणाली. "तुम्ही बाबांच्या दिवसांत होतात, म्हटलं कशाला त्रास."

"आणि आल्यावर? चार महिने झाले, ममता."

"लहान आहे हो तो. सांभाळून घ्या. त्याचं नाव कुठे येऊ देऊ नका."

सुदेशने फोन ठेवला. सर्व्हरच्या खोलीत जाऊन त्याने नवी नोंद उघडली. जुनी पुसता येत नव्हती, तिच्याखाली लिहिता येत होतं. त्या दिवशीच्या साठही जणांना प्रशिक्षण दिलेलं नाही, असं त्याने लिहिलं. माझी चावी मी दुसऱ्याच्या हाती दिली, असंही लिहिलं. 'दुसऱ्याच्या' या शब्दावर तो थांबला. मग तो खोडून तिथे निनादचं पूर्ण नाव घातलं आणि सही केली. काही सेकंदांत बाकीच्या तिन्ही नोडनी नोंद स्वीकारली.

केरूच्या हातात त्याने त्या नोंदीची छापील प्रत दिली.

"काय लिवलंय, साहेब?"

"तुला शिकवलं नाही, असं. कंपनीत दाखव. आणि चूक आमची आहे, असंही लिहिलंय."

"तुमचं बी नाव हाय?"

"आहे."

केरूने कागदाची घडी केली, शर्टाच्या आतल्या खिशात घातली. सुदेशने त्याला टॅक्सीपर्यंत नेलं, कुबडी आत ठेवून दिली. परत येऊन मॅनेजरच्या टेबलावर राजीनामा ठेवला.

घरी जाताना शारजाच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास गेले. फ्लॅटपाशी पोचला तेव्हा दाराबाहेर निनादचे बूट होते. आत बहीणभावाचं हलक्या आवाजात काही चाललं होतं. सुदेशने बेल वाजवली. आतलं बोलणं एकदम थांबलं. परक्याच्या दारात उभं राहावं तसा तो पायपुसण्याच्या अलीकडे, दार उघडायची वाट पाहत उभा राहिला.