इंजिन बंद करण्याविषयी

मुजीब मुलाणी यांचं पत्र दिवाळीनंतर आलं आणि होळी होऊन गेली तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. वेळ मिळाला नाही असंही म्हणता येत नाही. निवृत्त माणसाकडे वेळेशिवाय दुसरं असतं काय?

आयटीआयमध्ये तीस वर्षं डिझेल इंजिन शिकवल्यावर मी एक छोटं पुस्तक स्वतःच छापून घेतलं होतं, जुन्या ट्रकच्या इंजिनाची ताकद कशी वाढवावी आणि डिझेल कसं वाचवावं यावर. मागच्या पानावर कराडजवळच्या मलकापूरचा पत्ता दिला, फोन नंबर दिला नाही. “फोन आला तर बोलावं लागेल ना!” असं माझी पत्नी विजयमाला पाहुण्यांना सांगते. ते खरं आहे.

पत्र कडेगावहून आलं होतं. ‘सर, तुमचं पुस्तक वाचून वडिलांच्या जुन्या ट्रकला टर्बो बसवला. डिझेलचा पंपही सांगितल्याप्रमाणे सेट करून घेतला. आधी लिटरला साडेतीन किलोमीटर जायची, आता सव्वाचार जाते. घाटात पहिला गिअर टाकावा लागत नाही. पण पाच महिन्यांत टर्बो गेला. आता दुसरा बसवलाय. हाही गेला तर तिसरा घेणं जमणार नाही, गाडी भंगारात द्यावी लागेल. वडील त्या गाडीशिवाय राहायचे नाहीत. चूक कुठं होतेय ते कळवावे.’

टर्बो म्हणजे इंजिनाच्या गरम धुरावर फिरणारा एक पंखा. तो इंजिनात जादा हवा कोंबतो, मग डिझेल पुरतं जळतं. हे मी शेकडो मुलांना शिकवलं होतं. पण माझ्या हातानं एकाही ट्रकला टर्बो बसवलेला नव्हता. मी उत्तराचे सात कच्चे खर्डे केले. एकात ऑइलला दोष दिला, एकात एअर फिल्टरला. प्रत्येक खर्डा ‘परंतु’पाशी येऊन थांबला.

शेवटी एका सकाळी विजयमालानं डबा भरून माझ्या हातात दिला. “कडेगावची एसटी नऊला आहे. त्या माणसाची गाडी भंगारात गेल्यावर उत्तर पाठवणार आहात का?”

मुलाणींचं घर शोधायला वेळ लागला नाही. दारात ट्रक उभा होता आणि मुजीब बॉनेटमध्ये कमरेपर्यंत शिरला होता. मी नाव सांगितल्यावर तो बाहेर आला, हात पुसले आणि हसला.

“आब्बा, बघा कोण आलंय! पत्राचं उत्तर चालत आलंय.”

खाटेवर बसलेले इमामभाई माझ्याच वयाचे असावेत. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “मास्तर, टपालखात्यापेक्षा तुमी लय हळू हाय. बसा. च्या घ्या.”

चहा झाल्यावर मुजीबनं गाडीवरचा दुसरा टर्बो दाखवला. त्याचा दांडा हलवला तर खडखडत होता. आतलं ऑइल जळून डांबरासारखं चिकटलं होतं. मी ऑइल विचारलं, ते चांगल्यापैकी होतं. फिल्टर पाहिला, स्वच्छ होता. पाइप पाहिले. पंपाचं सेटिंग विचारलं. सगळं माझ्या पुस्तकाप्रमाणे होतं आणि म्हणूनच माझ्या कपाळाला घाम आला.

“काय दिसतंय सर?” मुजीबनं विचारलं.

“सगळं बरोबर दिसतंय,” मी म्हणालो.

“मग बिघडतंय कशानं?” इमामभाई म्हणाले. “मास्तर, तुमी कवा भरलेल्या गाडीतनं घाट चढलाय का?”

“नाही.”

“न्हाई? मग पुस्तकात घाट कितव्या पानावर हाय?”

“बावन्नाव्या,” मी प्रामाणिकपणे सांगितलं. बापलेक दोघंही इतके हसले, की मलाही हसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी गाडी गूळ घेऊन कोकणात जायची होती आणि येताना जांभा चिरा भरून आणायचा होता. मला कराडच्या नाक्यावर पहाटे उचलायचं ठरलं. मी नको म्हणणार होतो, पण तेवढं धैर्यही झालं नाही.

जाताना उतार होता, काही विशेष घडलं नाही. परतीचा घाट मात्र मी जन्मात विसरणार नाही. मागं दहा टन चिरा, बाहेर मार्चचं ऊन, पायाखाली तापलेलं इंजिन. मी दोन्ही हातांनी सीट धरून बसलो होतो.

“मास्तर, सीट सोडा,” इमामभाई म्हणाले. “तुमी धरून गाडी चढत न्हाई. डिझेलवर चढतीया.”

खरोखरच ती दुसऱ्या गिअरात, काळा धूर न सोडता, एका दमात चढत होती. मुजीब माझ्याकडे अभिमानानं बघत होता. माझ्या पुस्तकातलं काहीतरी जगात चालतंय हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

घाटमाथ्यावर रस्त्याला लागून एका पीराचं ठाणं आहे. चुन्यानं रंगवलेला ओटा, त्यावर हिरवी चादर. मुजीबनं गाडी बरोबर त्याच्यासमोर आणली आणि थांबताक्षणीच इंजिन बंद केलं.

“पीराफुडं दणदण करायची न्हाई,” इमामभाई टोपी डोक्यावर नीट करत म्हणाले. “माझा बाप हितं बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांना फडकं बांधायचा.”

दोघं उतरून ओट्यापाशी गेले. मी केबिनमध्येच राहिलो. इंजिन शांत झालं होतं, पण बॉनेटखालून बारीक सूंऽऽ असा आवाज अजून येत होता. टर्बोचा पंखा फिरत होता. इंजिन बंद म्हणजे ऑइलचा पंप बंद. तापून लाल झालेला दांडा ऑइलशिवाय फिरत होता आणि आत उरलेलं ऑइल जळून चिकटत होतं. आठवड्यातून दोनदा, दर चढाला, भक्तिभावानं.

ते परत आले. त्या ओट्यासमोर बसून ‘इथं इंजिन चालू ठेवा’ असं मी त्यांना कोणत्या तोंडानं सांगणार? मलकापूरला उतरताना मी फक्त “आभारी आहे” म्हणालो.

“च्या मायला,” इमामभाई मुजीबला म्हणाले, ते मला ऐकू आलं. “एवढा घाट चढून आभार मिळालं!”

घरी विजयमालानं विचारलं, “कळलं का?”

“कळलं.”

“सांगितलंत?”

मी चपला काढत राहिलो. तिनं टेबलावरची खर्ड्यांची चळत उचलली, माळ्यावर टाकली आणि एक कोरा कागद ठेवला.

सकाळी उठून मी लिहिलं: ‘प्रिय मुजीब, चूक तुझी नाही, ऑइलचीही नाही. टर्बो कसा बसवायचा यावर मी अकरा पानं लिहिली आणि इंजिन कसं बंद करायचं यावर एक ओळही लिहिली नाही. चढ चढून आल्यावर इंजिन तीन मिनिटं रेसशिवाय चालू ठेवायला हवं, म्हणजे टर्बो निवतो आणि ऑइल मिळत राहतं. पीराच्या अलीकडे दोनेकशे पावलांवर आंब्याचं झाड आहे, तिथं गाडी बाजूला घ्यायला जागा आहे. तीन मिनिटं तिथं थांबा, मग इंजिन बंद करा आणि पीरापर्यंत चालत जा. दणदण तिथवर पोचणार नाही. आब्बांना पटलं नाही तर त्यांचंच बरोबर धरून मला कळव, दुसरा उपाय शोधू. सध्याचा टर्बो दुरुस्त करता येईल, दांडा ज्यात फिरतो ती बुशं तेवढी बदलून घे. हे मला काल गाडीतच समजलं होतं. बोलता आलं नाही.’

‘परंतु’ लिहायचा मोह झाला होता. सही केली.

टपालपेटीपाशी मी पाकीट दोनदा आत अर्धं सरकवून बाहेर काढलं. तिसऱ्यांदा ते सुटलं. मग वाटलं, दोनशे पावलं जास्त तर नाहीत? इमामभाईंचे गुडघे दुखतात का, हे मी विचारलंच नव्हतं. पेटी उघडायला पोस्टमन आला तेव्हा मी तिथंच उभा होतो.

“काका, काही परत पाहिजे का?”

“नाही,” मी म्हणालो. “जाऊ दे.”

त्यानं पत्रं पिशवीत ओतली, तिचं तोंड आवळलं आणि ती सायकलला अडकवून निघून गेला.