बेसिनखालचा मधला अँगल

विमलाकाकूंच्या न्हाणीघरापुढे पंधराएक माणसं चपला काढून उभी होती. आत नव्या बेसिनच्या काळ्या ग्रॅनाइटवर उदबत्त्या जळत होत्या. धर्मेंद्र महाराजांनी बेसिनला बूच लावलं आणि 'तीर्थ' म्हणून नळाचंच पाणी काठोकाठ भरलं.

"लक्ष्मणराव! हे घर मठाले द्याचं का? होय असन तर टकोरा द्या, नसन तर मौन!"

महाराजांनी बूच ओढलं. पाणी गुरगुरत उतरलं आणि दगड वाजला. टक.

"आले वं बाई, आले!" गर्दीतल्या कौशल्याबाईंनी हात जोडले.

काकूंचे यजमान, सिंदीचे कापूसव्यापारी लक्ष्मणराव, जाऊन वर्ष झालं होतं. मूलबाळ नाही. काकू हळूच म्हणाल्या, "त्याईची मर्जी असन तर देतो मी. सोमवारी सही करतो."

मी शेजारची रक्षा, भौतिकशास्त्राची पदवीधर. बारा दिवस हे रोज चाललं होतं आणि मी वहीत नोंदी केल्या होत्या. टकोरे अकरा, मौन तीन. तिन्ही मौनांच्या वेळी महाराजांनी बूच ओढलंच नव्हतं.

"महाराज, एक प्रश्न मी विचारू?"

"पोरी, आत्मा म्हंजे कॉलेजातलं यंत्र नोहे!"

"विचारू द्या ना तिले," काकू म्हणाल्या.

मी बेसिन भरलं. "काका, घर मठाले देऊ नका, असं म्हणता का?" बूच ओढलं.

टक.

"महाराज, काका पलटले ना जी!" मागून ऑटोवाला निकेश ओरडला. हसू फुटलं.

मी खाली वाकले. दगड तीन लोखंडी अँगलांवर नुसता ठेवलेला होता, कुठेही चिकटवलेला नव्हता. भिंतीकडची फटही मोकळी होती. मधला अँगल बाकी दोन्हींपेक्षा रुपयाच्या नाण्याच्या जाडीइतका उंच होता, त्यामुळे दगड त्यावर झोपाळ्यासारखा डुलत होता. बेसिन डाव्या बाजूला होतं. ते भरलं की दगड अलगद डावीकडे झुके, रिकामं झालं की उजवं टोक खालच्या अँगलवर आपटे. मी उजव्या टोकाखाली बसपासची घडी सरकवली आणि पुन्हा पाणी भरून सोडलं. आवाज नाही. तिसऱ्यांदाही नाही.

महाराजांना हिंगणघाटची पूजा आठवली. लोक चपला शोधू लागले.

दुसऱ्या दिवशी नत्थू मिस्त्रीने तिन्ही अँगल लेव्हलमध्ये घेतले, दगड सिलिकॉनवर बसवला, फट भरली. "पायावर पडला असता ना काकू," तो म्हणाला.

तो गेल्यावर काकू रिकाम्या न्हाणीघरात उभ्या राहिल्या.

"काकू, काका त्यात नव्हतेच."

"मले मालूम होतं. ते घरी आले का दार तीनदा वाजवत, एकदा नाई." त्यांनी दगडावरून हात फिरवला. "पण या टकोऱ्यापायी घरात माणसं येत, रोज दहा-बारा कप लागत होते वं चहाले."

दगड वाजला तर हात जोडण्याआधी त्याच्याखाली वाकून बघा. प्रश्न उलटा विचारून बघा. आणि शेजारचं घर गप्प झालं असेल, तर तिथे महाराज पोचायच्या आधी तुम्ही पोचा. मी शेजारी राहून वर्षभर पोचले नव्हते.

त्या संध्याकाळी मी त्यांचं दार तीनदा वाजवलं नाही. ते काकांचं होतं. बाहेरूनच हाक मारली, "काकू, चहा मांडा."