हलका हात

कॉलर घासण्यात माझा हात कोणी धरणार नाही. माझ्या लाँड्रीत येणाऱ्या शर्टाची मान कितीही काळी असो, ताठ ब्रश घसाघसा फिरवला की मळ गेलाच पाहिजे. तोच हात मी आईच्या दातांवर चालवला.

झटक्यानंतर आईची उजवी बाजू गेली आणि बोलणंही. उरला एकच शब्द, "नको". पण दात? सगळे स्वतःचे! "कवळी लावून मरणार नाही मी," असं धडधाकट असताना मिरवायची. म्हणून तिचे दात सांभाळायचेच, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. सकाळी दुकान उघडायची घाई, त्यात ही तोंड मिटून बसायची. "आ कर गं बाई, माझ्या डोक्याला ताप देऊ नकोस!" हिरड्यांतून रक्त आलं की मला वाटायचं, घाण निघतेय. मग तिथेच आणखी जोर. गार पाण्याचा पेला ढकलायला लागली, तेव्हा म्हटलं, आता पाण्याचेही नखरे.

खालचा एक दात लांबलचक, मुळाशी पिवळा दिसायला लागला, तेव्हा कुठे तिला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी आरसा घालून पाहिलं. "यांचे दात कोण घासतं?"

"मी," मी ऐटीत म्हणाले. "एक दिवस चुकवत नाही."

"फार जोरात घासताय. दात लांब झालेला नाही, हिरडी खाली सरकलीय. मूळ उघडं पडलंय. गार पाण्याने कळ मस्तकात जात असेल यांच्या."

"रक्त यायचं, म्हणून मी जास्तच..."

"रक्त हिरडी सुजल्याचं. आत किटण साठलंय, ते मी काढते. मुळाला औषध लावते, ठणका कमी होईल. पण गेलेली हिरडी परत वाढत नाही. फारच सरकली तर तोंडातल्या टाळूची कातडी काढून तिथे शिवावी लागते. नाहीतर दात हलतो आणि जातो. या वयात ती वेळ आणू नका." त्यांनी मऊ ब्रश दिला. हिरडीपाशी तिरका टेकवून हलकेच कसा फिरवायचा, ते दाखवलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रेशमी कपड्याला मी कुणाला ब्रश लावू देत नाही. दुकानातल्या कामवालीने एकदा लावला, तर केवढी ओरडले होते तिच्यावर! गिऱ्हाइकाच्या रेशमाची काळजी होती मला, आईची नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मऊ ब्रश घेऊन तिच्यासमोर उभी राहिले. "आई, आज हळू घासते हं." ब्रश अजून ओठांना लागलाही नव्हता, तोच तिने डाव्या हाताने खुर्चीचा दांडा गच्च धरला. डोळे मिटले. आणि मुकाट्याने तोंड उघडलं.

रोजच धरत असणार. मी कधी पाहिलंच नाही.

मी खाली बसले, दांड्यावरची तिची बोटं सोडवली, माझ्या दात घासायच्या ताठ ब्रशला पेस्ट लावून तो तिच्या हातात दिला आणि तोंड पुढे केलं. "घे. आधी माझे घास. चांगले जोरात घास, कळू दे मला."

मी डोळे मिटून घेतले. ब्रश दातांना लागला कधी तेही कळलं नाही. लहानपणी घासून द्यायची तसाच, जरासा, गोल गोल. तोंडातून फेस गळत होता, डोळ्यांतून पाणी.

"जोरात गं," मी म्हटलं.

"नको," आई म्हणाली.