गाडीने घातलेला सडा

राब भाजायला गुणाजीला भरदुपारच मिळाली! वारा पडल्यावर भाजा, असं हौसा सकाळपासून कानीकपाळी ओरडत होती. पण बायकोचं ऐकेल तो गुणाजी कसला. रुळांपलीकडच्या भाताच्या रोपांच्या वाफ्यात त्याने पालापाचोळा पेटवला मात्र, वारा उठला आणि आग कमरेएवढ्या वाळक्या गवतात शिरली. बघता बघता वणवा डोंगराच्या पायथ्याने रुळांकडे सुटला. रुळांच्या अलीकडे यांचं घर, घराला लागून गोठा आणि गोठ्यात कपिली गाय अडलेली. वासराचे पुढचे पाय तेवढे बाहेर आले होते.

"ऊठ गो, हौसे! पळ!" हिरवा टहाळा हातात घेऊन गुणाजी धापा टाकत आला.

"हिला कशी सोडू? बाळंतीण हाय ती. तुमी पळा."

"नि तुला टाकू? मग मला जेवायला कोण घालील?" असं म्हणून तो पुन्हा आगीकडे धावला.

एकटा माणूस टहाळ्याने आग किती झोडपणार! गाय जाईल, वासरू जाईल आणि हा हट्टी म्हातारासुद्धा होरपळेल, या भीतीने हौसाला रडूच फुटलं.

तेवढ्यात पेणकडून पाण्याची गाडी आली. त्या साली रोह्याच्या पुढे नव्या लाइनीचे बोगदे खणत होते. तिकडच्या कामाला रेल्वेच्या टाक्यांतून पाणी जायचं. ड्रायव्हर हैबतराव, घाटावरचा, भल्यामोठ्या मिशांचा माणूस. रुळांत हात पसरून उभा राहिलेला गुणाजी दिसला तसा त्याने ब्रेक मारला.

"दादा, हंडाभर पाणी द्या वो!" हौसा गोठ्यातूनच ओरडली.

"हंड्यानं काय हुतंय, बाई? थांबा, सडाच घालतो!"

गार्डने उतरून टाक्यांचे कॉक उघडले. दोन्ही अंगांना धारा सुटल्या. हैबतरावने गाडी मुंगीच्या पावलाने पुढे नेली, मागे आणली, परत पुढे नेली. रुळांकडेचं गवत चिंब झालं. उडून आलेल्या ठिणग्या गुणाजी खोकत खोकत झोडपत होता. ओल्या पट्ट्याशी येऊन वणवा चरचरला आणि हळूहळू विझला.

इकडे हौसाने देवाचं नाव घेऊन ओढलं आणि वासरू बाहेर आलं. कालवड!

गार्डने मात्र कपाळाला हात लावला. "टाक्या रिकाम्या, गाडी लेट. रोह्याला विचारतील, काय सांगू?"

"सांग, हैबतरावच्या बहिणीचं घर पेटत हुतं."

"कुठली बहीण?"

"ही काय, गोठ्यात बसलीया."

हौसाला ना पाठचा भाऊ, ना पुढचा. पन्नाशी उलटली तरी भाऊबीजेला ती चंद्रालाच ओवाळत आली होती. ती तशीच बरबटलेल्या हातांनी बाहेर आली. डोळे पुसायलासुद्धा हात मोकळा नव्हता.

"मग भाऊबीजेला यायचं, दादा," ती म्हणाली. "आनी त्या दिवशी लेट चालनार नाय."