बिनपिलांची कवदर

मी एक म्हातारी कवदर आहे, मित्रांनो. तुम्ही मला केळ म्हणाल. सगळेच म्हणतात, आणि त्यापायीच एकदा माझ्या अंगाला विळा लागला होता. म्हणून माझी हकिकत जरा बुडापासून सांगते.

माझा जन्म शिरपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या उभ्या कड्यावर, खडकाच्या भेगेत झाला. माझी चुलत बहीण रानकेळ खाली ओढ्याकाठी राहते. तिला ओल लागते, सावली लागते आणि गोतावळाही लागतो. तिच्या सडपातळ खोडाभोवती सतत पिलं उगवत असतात. मी उन्हातली, एकटी. माझं खोड बुडाशी रांजणासारखं फुगलेलं. पाऊस सरला की माझी पानं वाळतात, खोड कोसळतं आणि मी जमिनीखाली कंदात झोपून राहते. मला पिलं होत नाहीत. आयुष्यात एकदाच घड येतो, त्यात बिया धरतात आणि मी मरते.

अभिमन आबांना हे कोण सांगणार? ते केळीचे बागायतदार. केळीचं सगळं आपल्याला कळतं, असा त्यांचा समज होता आणि त्याला गावाची मान्यताही होती. कड्यावर मला पाहून ते हरखले.

"खडकवर जगस ही! इले पानी नही लागस. पिलं व्हतीन, बठ्ठा गावले वाटसू," असं साऱ्या गावाला पिलं वाटायचं चावडीवर कबूल करून त्यांनी मला खणून मळ्यात आणलं. शेजारीच ओढ्याकाठची रानकेळही लावली. रानकेळीने वर्षभरात आपला कोपरा पिलांनी भरून टाकला. मी हिवाळ्यात झोपले, पावसात उठले, पुन्हा झोपले. पिलू एकही नाही.

दुकानदार रतिलाल बांधावरून जाता-येता आपल्या वाट्याचं पिलू मागत विचारी, "आबा, मना वाटानं पिलू कव्हय देशात?"

"वांझ निंघनी," आबा ओरडत.

हा शब्द मळ्यात आणखी एकीला ऐकू जाई. भिकुबाई, आबांची थोरली बहीण. मूल होत नाही म्हणून सासरच्यांनी परत पाठवलेली. आबा ओरडले की ती आवाज न करता माझ्या बुडाशी माती लावायची.

मग तो श्रावण आला. दूर चाललेल्या लढाईमुळे रॉकेल मिळेना, पण कानबाई देवीचा सण ठरल्या वेळी आला. देवीच्या चौरंगाला केळीचे चार खांब लागतात. तीन झाले. चौथ्यासाठी घडावर आलेली केळ तोडायची आबांच्या जिवावर आलं आणि त्यांची नजर माझ्यावर पडली.

मित्रांनो, त्यांच्या विळ्याला धार होती, हे मी बागेतल्या केळींवर रोज पाहत होते. केळीला ते परवडतं. ती कापली तरी पिलातून उगवते. माझ्या पोटात मात्र त्याच दिवसांत घडाचा कोंब वर सरकू लागला होता. बी धरण्याआधी मी गेले, की माझ्यामागे काहीच उरणार नव्हतं. आणि ओरडायला मला तोंड नव्हतं.

पहिल्या घावाने खोडाचं बाहेरचं सोपट चिरलं. रस आबांच्या मनगटावर उडाला. त्यांनी हात पुसला आणि विळा पुन्हा उचलला.

"थांब, भाऊ."

भिकुबाई चुलीपासून उठून आली होती. हाताला नैवेद्याच्या रोटांचं पीठ तसंच. रोट तिने करायचे, पण देवीला ओवाळायला लेकुरवाळीच हवी, ही घरची रीत.

"आते काय, अक्का? मुहूर्त टळस ना!"

"खांब कोना लागस कानबाईले?"

"लेकुरवाळी केळना. तुले काय माहीत नही?"

"मंग हिना बुडले देख. एक तरी पिलू शे का?"

आबांनी वाकून बघितलं.

"वांझना हात चालत नही देवीले. वांझना खांब कसा चाली?"

मागे आबांची बायको झुंबरबाई ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. ती खाली बघू लागली. आबांनी विळा खाली घेतला. मग ते वळले आणि त्यांनी रानकेळ तोडली. आठवड्यात तिचं पिलू हातभर वाढलं.

तीन वर्षं ज्या शब्दाने मला टोचलं, त्यानेच मला वाचवलं. आभार कोणाचे मानायचे, ते मला अजून कळलेलं नाही.

माझा घड बाहेर आला. रानकेळ फुलावरची तांबडी पाती गाळून टाकते. मी ती तशीच धरून ठेवते. उन्हाळ्यात फळं पिकल्यावर भिकुबाईने एक फोडलं. गर नावाला, आत वाटाण्याएवढ्या काळ्या बिया खच्चून भरलेल्या. ती हसली. मग आबांना हाक मारून तिने फोडलेलं फळ त्यांच्या तळहातावर ठेवलं.

आबांनी बोटाने बिया चिवडून पाहिल्या.

"अक्का," ते म्हणाले, "औंदा कानबाईले तू ओवाळ."

"झुंबर ओवाळी," भिकुबाई ओटी बियांनी भरत म्हणाली. "मले कडावर जानं शे."

मी आता वाळत आले आहे, आणि या वेळी पावसात उठणार नाही. मित्रांनो, एखादी केळ पाहाल तेव्हा आधी तिचं बूड बघा, ती कुठल्या मातीतून आली ते विचारा, आणि मगच तिला नाव ठेवा. विळा काय, तो नंतरही हातात घेता येतो.

वर कड्यावर भिकुबाई भेगाभेगांतून बी टाकते आहे. पीठ मळून राठ झालेली तिची बोटं तिथे बरोबर बसतात.